वेळेत पोचणारे निरोप

भंडाऱ्यात वैनगंगेला पूर येतो तो पुष्कळदा भंडाऱ्यात पडलेल्या पावसाचा नसतो. ही नदी उगम पावते मध्यप्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात. तिथेच भीमगडला तिच्यावर संजय सरोवर हे धरण आहे. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि धरणाची दारे उघडली, की ते पाणी बालाघाट जिल्हा ओलांडून आपल्याकडे निघते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस असेच झाले. नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले आणि खाली पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची सर्व ३३ दारे उघडावी लागली.

पाण्याला एवढे अंतर कापायला बरेच तास लागतात. ‘दारे उघडली’ हा निरोप मात्र तारेने किंवा रेडिओने क्षणात येऊ शकतो. या निरोपाची किंमत कशावर अवलंबून आहे? तो किती झपाट्याने आला यावर ती फारशी अवलंबून नाही. दुपारी निघालेला निरोप तासाभराने पोचला तरी चालेल, फक्त गुरे सोडायला, धान्य माळ्यावर चढवायला आणि म्हाताऱ्या माणसांना हलवायला लागणारा वेळ हाताशी उरला पाहिजे. तेवढा वेळ उरला नाही तर तोच निरोप, अगदी अचूक असूनसुद्धा, कवडीमोलाचा. म्हणजे या निरोपाला एक मुदत आहे, आणि ती मुदत नदीने ठरवलेली आहे. आपल्या सोयीने ती पुढे ढकलता येत नाही.

आता याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण घेऊ. भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना महामार्गावर लाखनी तालुक्यात गडेगाव लागते. तिथे अशोक लेलँडचा कारखाना आहे. १९८२ पासून तिथे ट्रक आणि बस यांचे गिअर बॉक्स तयार होतात. गिअर बॉक्स म्हणजे दातेरी चाके, दांडे आणि तेल, हे आपल्याला ठाऊक असते. पण चालकाऐवजी यंत्रच गिअर बदलते अशा आजच्या ट्रकमध्ये या चाकांच्या जोडीला एक लहानसा संगणक असतो. गिअर बदलायच्या क्षणी तो इंजिनाच्या संगणकाला सांगतो, ‘जोर कमी कर, मी चाके सोडवतो आहे.’ मग म्हणतो, ‘आता जोर वाढव.’ हे सांगणे दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चालते. आपली पापणी एकदा लवते तेवढ्या वेळात असे दहा तरी निरोप जाऊन पोचतात. एखादा उशिरा पोचला तर इंजिन ओढते आहे आणि चाके सुटताहेत अशी ओढाताण होते.

पुराच्या निरोपाची मुदत तासांत, गिअरच्या निरोपाची मिलिसेकंदांत. तरी शास्त्रज्ञांच्या लेखी दोन्ही एकाच जातीचे आहेत. अशा व्यवस्थांना ‘रिअल टाइम’ म्हणतात. हा शब्द आता बाजारातही आला आहे आणि लोक त्याचा अर्थ ‘अतिशय जलद’ असा घेतात. तो अर्थ चुकीचा आहे. रिअल टाइम म्हणजे मुदतीत, आणि तेही खात्रीने. ही खात्री कशी द्यायची, आणि ती देणाऱ्या गणितात एकदा काय घडले, हे या लेखात पाहायचे आहे.

एक तार, अनेक बोलणारे

गाडीतल्या दोन भागांना एकमेकांशी बोलायचे असेल तर त्यांच्यामध्ये एक तार टाकायची, अशी जुनी पद्धत होती. भाग वाढले तशा तारा वाढल्या आणि त्यांचा जुडगा जाडजूड व वजनदार होत गेला. जर्मनीतल्या बॉश कंपनीच्या अभियंत्यांनी १९८३ मध्ये यावर काम सुरू केले आणि १९८६ साली आपली रचना जाहीर केली. तिचे नाव ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’, थोडक्यात ‘कॅन’. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांची एकच जोडी गाडीभर फिरवायची आणि इंजिन, ब्रेक, गिअर बॉक्स, चालकापुढचे काटे अशा सर्वांनी तिलाच जोडून घ्यायचे. एकाने बोलायचे, सर्वांनी ऐकायचे. ज्याला जे हवे ते त्याने उचलायचे. ट्रक, बस, ट्रॅक्टर यांच्यासाठी हीच रचना वापरणारी ‘जे-१९३९’ नावाची नियमावली आहे. तिच्यात सामान्यतः सेकंदाला २,५०,००० बिट (० किंवा १) या गतीने संदेश जातात.

एकच तार म्हटली की पहिला प्रश्न येतो तो बोलण्याच्या पाळीचा. वर्गात दोन मुले एकदम बोलली तर दोघांचेही ऐकू येत नाही. संगणकांच्या जुन्या इथरनेट जाळ्यात असे झाले की दोघेही थांबत, प्रत्येक जण यदृच्छेने निवडलेला थोडा वेळ वाट पाही आणि पुन्हा प्रयत्न करी. पुन्हा टक्कर झाली तर आणखी जास्त वाट. सोळा वेळा अपयश आले की तो संदेश सोडूनच दिला जाई. कार्यालयातली पत्रे पाठवायला ही पद्धत छान होती, सरासरीने काम झटपट होत असे. पण ‘हा निरोप अमुक वेळात पोचेलच’ असे वचन तिला देता येत नव्हते. ब्रेकच्या बाबतीत सरासरी काय कामाची?

कॅनमध्ये टक्कर होते, पण तिच्यात कोणाचा तरी संदेश जसाच्या तसा पार पडतो. ही युक्ती वर्गात खेळ म्हणून घेता येते. आठवीची मुलेही ती पाच मिनिटांत शिकतात. तीन मुलांना १२, ५ आणि ६ हे क्रमांक द्या आणि ते द्विमान पद्धतीत लिहायला सांगा: ११००, ०१०१, ०११०. शिक्षकाने टाळी वाजवली की प्रत्येकाने आपल्या क्रमांकाचा डावीकडून पुढचा अंक ‘बोलायचा’. अंक ० असेल तर हात वर, १ असेल तर हात खाली. नियम एकच: आपला हात खाली असताना दुसऱ्या कोणाचा वर दिसला, तर आपण बाद.

पहिल्या टाळीला ५ आणि ६ यांचे हात वर जातात, १२ चा खाली असतो. तो बाद. दुसऱ्या टाळीला दोघांचेही अंक १, कोणाचाच हात वर नाही. तिसऱ्या टाळीला ५ चा हात वर जातो, ६ चा खाली. तो बाद. चौथ्या टाळीला ५ एकटाच उरतो. सर्वांत लहान क्रमांक जिंकला, आणि महत्त्वाचे म्हणजे त्याला आपला क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागला नाही. आपल्याबरोबर आणखी कोणी बोलत होते याची त्याला दादही नाही. वेळ अजिबात वाया गेला नाही.

तारेवर हात वर करणे म्हणजे दोन तारांमध्ये विद्युत्‌दाबाचा फरक निर्माण करणे. कोणी एकानेही तो केला तर सर्वांना तो दिसतो. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीलाच त्याचा क्रमांक असतो. क्रमांक जितका लहान, तितके त्याचे प्राधान्य वरचे.

या खेळाची एक अट आहे. सर्वांचे हात सर्वांना त्याच टाळीत दिसले पाहिजेत. तारेच्या एका टोकाचा बिट दुसऱ्या टोकाला पोचून तिथले उत्तर परत येईपर्यंत तो बिट संपता कामा नये. तारेत विद्युत्‌संकेताला मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद) लागतात. त्यामुळे सेकंदाला दहा लाख बिट पाठवायचे तर तार सुमारे ४० मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. भंडारा ते नागपूर साधारण ६० किलोमीटर अशी तार टाकली तर? जायला ०.३ आणि यायला ०.३ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला जेमतेम १,६०० बिट. युक्ती ट्रकपुरतीच चांगली.

मालगाडी रुळावर आली की

प्राधान्य मिळाले म्हणजे वाट पाहावी लागत नाही असे नाही. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर उभे राहिले की हे समजते. नागपूर-हावडा हा वाहता मार्ग आहे. मेलगाडीला मालगाडीपेक्षा मान जास्त. मालगाडीला बाजूच्या रुळावर घेऊन मेलला पुढे काढतात. पण मालगाडी एकदा दोन स्टेशनांमधल्या रुळावर शिरली की मागून कितीही मानाची गाडी आली तरी तिला थांबावे लागते. मधल्या रानात मालगाडी उचलून बाजूला ठेवता येत नाही.

कॅनच्या तारेवर तसेच आहे. संदेश सुरू झाला की तो संपेपर्यंत तार त्याची. प्राधान्याची लढत फक्त तार मोकळी झाल्याच्या क्षणी होते. म्हणून खात्रीचा हिशेब करताना तीन गोष्टी मोजाव्या लागतात: नुकताच सुटलेला खालच्या दर्जाचा एखादा संदेश, वरच्या दर्जाचे जेवढे मध्ये घुसू शकतील तेवढे सर्व, आणि स्वतःचा वेळ.

आकडे घालून पाहू. जे-१९३९ मधल्या आठ बाइटच्या संदेशाला, त्यात भरावे लागणारे जास्तीचे बिट धरून, जास्तीत जास्त १६० बिट लागतात. (‘सरासरी’ १४० च्या आसपास असतील, पण इथे सरासरी मोजायचीच नाही.) एका बिटाला ४ मायक्रोसेकंद, म्हणजे संदेशाला ०.६४ मिलिसेकंद. सर्वांत वरच्या प्राधान्याच्या संदेशाला वाईटात वाईट परिस्थितीत किती वेळ लागेल? समोर नुकतीच सुटलेली मालगाडी ०.६४, स्वतःचे ०.६४, एकूण १.२८ मिलिसेकंद. दहाव्या क्रमांकाच्या संदेशाला? समोरची मालगाडी एक, वरचे नऊ, स्वतः एक. अकरा गुणिले ०.६४ म्हणजे ७.०४ मिलिसेकंद. मुदत १० ची आहे, वरचे संदेशही दर १० मिलिसेकंदांना एकदाच येतात, तेव्हा ठीक.

असे करत गेलो तर चौदावा संदेश ९.६ मिलिसेकंदांत पोचतो आणि पंधराव्याला १०.२४ लागतात. पंधराव्याची खात्री देता येत नाही. आता हाच प्रश्न सरासरीने सोडवणारा म्हणेल, ‘पंधरा गुणिले ०.६४ म्हणजे ९.६. दहा मिलिसेकंदांत पंधरा सहज मावतात.’ तो चुकतो कुठे? तारेवर इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणारा, सेकंदातून एकदाच जाणारा, खालच्या दर्जाचा संदेशही असतो, हे तो विसरला. तो एकच संदेश नेमक्या नको त्या क्षणी तार अडवून बसतो. इथे तारेवर अडथळ्याने एखादा संदेश बिघडून पुन्हा पाठवावा लागला तर काय, हे मी धरलेलेच नाही. अभियंत्यांना तेही धरावे लागते.

महत्त्व आणि घाई

क्रमांक कोणाला लहान द्यायचा? पटकन सुचणारे उत्तर असे, की जो निरोप महत्त्वाचा त्याला. तारखात्यात तातडीच्या तारेला दुप्पट पैसे पडत आणि ती आधी जाई. (भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.) जो जास्त मोजेल त्याची निकड जास्त, असा तो न्याय.

रिअल टाइमच्या शास्त्रात हा न्याय चालत नाही. समजा, ‘ब्रेकच्या टाकीतला हवेचा दाब घसरला आहे’ हा संदेश १०० मिलिसेकंदांत पोचला तरी पुरतो आणि गिअरचा संदेश १० मिलिसेकंदांत पोचावा लागतो. पहिला संदेश जिवाशी गाठ घालणारा आहे, तरी दुसऱ्याला आधी सोडण्यात त्याचे काहीच बिघडत नाही. तो आपल्या मुदतीत पोचतोच. उलट केले तर गिअरचा संदेश नाहक धोक्यात येतो. म्हणून प्राधान्य साधारणपणे मुदतीवरून ठरवतात: मुदत जितकी तोकडी, तितका मान वरचा. सर्वांनाच मुदतीची खात्री मिळाली की कोण किती महत्त्वाचा हा वाद उरत नाही. माझ्या मते या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. कार्यालयांमध्ये मात्र ती अजून रुजलेली दिसत नाही.

या विचाराचा पाया घातला तो सी. एल. ल्यू आणि जेम्स लेलँड या दोघांनी, १९७३ साली. (या लेलँडचा आपल्या गडेगावच्या लेलँडशी संबंध नाही.) त्यांनी तारेचा नव्हे तर संगणकाचा प्रश्न घेतला होता. एकाच संगणकाला ठरावीक काळाने परत परत येणारी बरीच कामे करायची आहेत, तर कोणते आधी करावे? ज्याचा आवर्तकाल लहान ते आधी, हा नियम पाळला आणि संगणकावरचा एकूण भार सुमारे ६९ टक्क्यांच्या आत ठेवला, तर कामे कितीही असोत, एकाचीही मुदत चुकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. ज्याची मुदत सर्वांत जवळ आली ते काम आधी, असे दर वेळी नव्याने ठरवले, तर हा भार १०० टक्क्यांपर्यंत नेता येतो, हेही त्यांनीच दाखवले.

या सिद्धतेतली एक पायरी पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायची आहे. कोणत्याही कामाच्या दृष्टीने वाईटात वाईट क्षण म्हणजे त्याच्याहून वरची सर्व कामे त्याच्याबरोबर एकदम उभी राहतात तो. त्या क्षणी सुरुवात करून पहिल्या फेरीला ते काम मुदतीत झाले, तर पुढे कधीच चुकणार नाही. म्हणजे अनंत काळ तपासायची गरज नाही, एक फेरी तपासली की झाले. पण त्यांच्या संगणकात चालू काम मध्येच बाजूला ठेवता येत होते. तारेवर मालगाडी मध्येच बाजूला ठेवता येत नाही.

तेरा वर्षे चाललेले गणित

१९९४ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठात केन टिंडेल, अ‍ॅलन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्यू-लेलँडच्या पठडीतले हे गणित कॅनच्या तारेला लावले. मघाशी आपण मांडला तसाच हिशेब, पण कोणत्याही आवर्तकालांसाठी. तोवर अभियंते गाडी चालवून, मोजमापे घेऊन आणि मग मोठी सवलत ठेवून काम भागवत. आता कागदावर खात्री देता येऊ लागली. १९९८ मध्ये आलेल्या वोल्व्होच्या एस-८० मोटारीच्या रचनेत या पद्धतीचा उपयोग झाला. ती शिकवली गेली, तिच्यावर संगणकाचे तयार कार्यक्रम निघाले.

२००७ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते यॉर्कचे रॉबर्ट डेव्हिस, नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनचे राइंडर ब्रिल आणि योहान लुक्किन, आणि चौथे स्वतः अ‍ॅलन बर्न्स. निबंधाचे म्हणणे असे, की १९९४ चे गणित चुकीचे आहे. ज्यांनी गणित मांडले त्यांतल्याच एकाची सही ते खोडणाऱ्या निबंधावर आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.

त्यांनी दिलेले उदाहरण इतके लहान आहे की चौकटीच्या कागदावर दहावीचा विद्यार्थी ते तपासू शकतो. क, ख, ग असे तीन संदेश आहेत, प्राधान्यही त्याच क्रमाने. प्रत्येकाला तारेवर नेमका १ मिलिसेकंद लागतो. क दर २.५ मिलिसेकंदांनी येतो, ख आणि ग दर ३.५ ने. मुदती अनुक्रमे २.५, ३.२५ आणि ३.२५.

जुन्या रीतीने पाहू. क ला अडथळा एकाचा, म्हणून २. ख ला खालचा ग आडवा आला तर १, वरचा क १, स्वतःचा १, म्हणजे ३. ग च्या खाली कोणीच नाही. वरचे दोघे आणि स्वतः, म्हणजे ३. सर्व आपापल्या मुदतीत. पहिली फेरी सुटली, काम संपले.

आता तिन्ही संदेश शून्य वेळी एकदम तयार झाले असे धरून तारेवर खरोखर काय होते ते लिहू.

० ते १ : क चा पहिला
१ ते २ : ख चा पहिला
२ ते ३ : ग चा पहिला
३ ते ४ : क चा दुसरा (२.५ ला आला होता)
४ ते ५ : ख चा दुसरा (३.५ ला आला होता)
५ ते ६ : क चा तिसरा (५ ला आला)
६ ते ७ : ग चा दुसरा (३.५ ला आला होता)

शेवटची ओळ पाहा. ग चा दुसरा संदेश ३.५ ला तयार झाला आणि ७ ला पोचला. साडेतीन मिलिसेकंद! मुदत सव्वातीनची होती. पहिला सुखरूप गेला आणि दुसरा चुकला.

असे का व्हावे? ग चा पहिला संदेश २ ला सुटला तेव्हा तार मोकळी होती. अर्ध्या मिलिसेकंदाने क आला, पण सुटलेली गाडी थांबवता येत नाही, म्हणून त्याला ३ पर्यंत थांबावे लागले. तो उशीर पुढे सरकत गेला. क मुळे ख लांबला, तेवढ्यात पुन्हा क आला, आणि हा सगळा भुर्दंड पडला तो ग च्याच पुढच्या संदेशावर. थोरल्या भावाने केलेले कर्ज धाकट्याने फेडावे, तसे. काम मध्येच थांबवता येत असते तर क २.५ लाच पुढे गेला असता, उशीर तिथल्या तिथे मोजला गेला असता. ‘पहिली फेरी सुटली की पुढे काळजी नाही’ ही पायरी थांबवता येणाऱ्या कामांची होती. ती न थांबणाऱ्या संदेशांना लावली गेली आणि तेरा वर्षे कोणाच्या फारशी लक्षात आली नाही.

चाचण्यांत ही चूक का सापडली नाही, असे कोणी विचारेल. प्रत्येक संगणकाचे घड्याळ स्वतंत्र असते. तिन्ही संदेश नेमके एकाच क्षणी तयार होण्याचा योग क्वचित येतो. गाडी महिनाभर चालवूनही तो न येणे शक्य आहे, आणि एखाद्या दिवशी घाटात येणेही शक्य आहे. म्हणूनच तर गणित हवे होते.

रस्त्यावरच्या गाड्यांना या चुकीने किती धोका होता? सुदैवाने फार नाही, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. एखाद्या संदेशाच्या खाली त्याच्याएवढाच किंवा त्याहून लांब संदेश असेल, तर जुना हिशेब त्याचा अडथळा आधीच धरतो आणि भावाच्या कर्जाची भरपाई त्यात आपोआप होते. सगळे संदेश सारख्या लांबीचे असतील तर फक्त तळाच्या संदेशाचा हिशेब चुकू शकतो. शिवाय शहाणे अभियंते तार ९७ टक्के भरू देत नाहीत. आपल्या उदाहरणात भार तेवढा आहे: १ भागिले २.५, अधिक दोनदा १ भागिले ३.५. निबंधात दुरुस्तीचा एक सोपा, जरा जास्तच सावध उपायही दिला आहे. हिशेब करताना संदेशाने खालच्यांबरोबर आपल्या स्वतःच्याच आधीच्या संदेशालाही संभाव्य अडथळा मानावे. ग ला हा नियम लावला की तो मुदतीत बसत नाही हे लगेच उघड होते.

वेळापत्रकाचा मार्ग

भांडण नकोच, प्रत्येकाला आधीच वेळ ठरवून द्या, असे म्हणणारा एक पंथ आहे. व्हिएन्नाचे हेर्मान कोपेत्झ हे त्याचे मोठे पुरस्कर्ते. रेल्वेच्या वेळापत्रकासारखे: अमुक मिलिसेकंदाला इंजिन बोलेल, तमुक मिलिसेकंदाला ब्रेक. खात्री पक्की, गणित सोपे. पण त्यासाठी सर्वांची घड्याळे जुळवून ठेवावी लागतात, आणि ज्याला त्या फेरीत काहीच सांगायचे नाही त्याचीही वेळ राखून ठेवावी लागते. एक नवा बोलणारा आला की सगळे वेळापत्रक पुन्हा मांडावे लागते. दोन्ही पंथांची भांडणे वर्षानुवर्षे चालू आहेत. मला दोन्हींत तथ्य दिसते.

ज्या इथरनेटला मुदतीचे वचन देता येत नव्हते, तेही आता या वाटेला आले आहे. २०१२ पासून त्याच्यासाठी वेळेची हमी देणारे नियम तयार होत गेले. त्यांत वेळापत्रकही आहे आणि प्राधान्यही. २०१६ मध्ये तर लांब संदेश मध्येच तोडून घाईचा संदेश पुढे काढायची आणि उरलेला तुकडा मागून पाठवायची सोय नियमांत आली. वरठीच्या स्टेशनमास्तरांना हेवा वाटावा अशी ही सोय: अर्धी मालगाडी रुळावरून अदृश्य झाली, मेल गेली, मग उरलेली अर्धी पुन्हा अवतरली.

आता चौकटीचा कागद घेतलाच आहे, तर आणखी दोन गोष्टी काढून पाहाव्यात. पहिली: क चा आवर्तकाल २.५ ऐवजी ३ करा. तक्ता पुन्हा मांडला की ग चा दुसरा संदेश ५ ते ६ मध्ये जातो, म्हणजे अडीच मिलिसेकंदांत. कोणाचीच मुदत चुकत नाही. दुसरी जास्त गमतीची आहे. आवर्तकाल पुन्हा २.५ करा आणि घ नावाचा चौथा संदेश घाला. प्राधान्य सर्वांत खालचे, लांबी तीच १ मिलिसेकंद, आणि तो मिनिटातून एकदाच जातो. भार वाढला जवळजवळ शून्य. तार मोकळी असताना तो सुटला आणि पुढच्याच क्षणी क, ख, ग तिघेही तयार झाले असे धरा. क आणि ख यांच्या वाईटात वाईट वेळा आधी होत्या तेवढ्याच राहतात. ग चा पहिला संदेश मात्र आता सुमारे ६ मिलिसेकंदांनी पोचतो, आणि तोही क ची पुढची खेप किंचित उशिरा आली म्हणून. ती थोडी आधी आली तर आणखी एक मिलिसेकंद.